कायदा आहे, तास नाही

विधी महाविद्यालयात प्राणी कायदा शिकवावा असं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माणसांचं काय झालं? शेतकरी गळफास घेतोय, तुरुंगात कच्चे कैदी वर्षानुवर्षं पडून आहेत, आजोबांनी घातलेल्या दिवाणी दाव्याचा निकाल नातू ऐकतोय, आणि तुम्हाला कुत्र्यामांजरांचं वकीलपत्र घ्यायचंय? हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण भले असतात. गरिबांसाठी विनामूल्य खटले लढलेली माणसंही त्यांत आहेत. म्हणूनच हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. मात्र त्यात एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली असते. प्राण्यांचा कायदा ही श्रीमंत देशांतली चैन आहे, आणि ती कोणीतरी आता इथे आणू पाहतंय, असं या मंडळींना वाटतं.

वस्तुस्थिती तशी नाही. प्राण्यांचा कायदा आपल्याकडे आधीपासून आहे आणि भरपूर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा. त्याखाली काढलेले नियम डझनाहून जास्त: ओझ्याच्या जनावरांचे १९६५ चे, वाहतुकीचे १९७८ चे, कत्तलखान्यांचे २००१ चे, मुद्देमाल जनावरांच्या देखभालीचे २०१७ चे, कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. सातव्या अनुसूचीच्या समवर्ती सूचीत सतरावी नोंदच प्राण्यांवरील क्रूरता रोखण्याची आहे, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांबद्दल दयाभाव हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य करून ठेवलं आहे. हा सगळा कायदा रोज कुठल्या ना कुठल्या पोलीस ठाण्यात आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर वापरला जातो. तेव्हा तो असावा की नसावा हा वादच शिल्लक नाही. वाद एवढाच आहे की तो वापरणाऱ्यांनी आधी वाचलेला असावा की नसावा. माझं म्हणणं असं की तो न वाचल्याची किंमत आज सर्वांत जास्त गरीब माणूस मोजतो, आणि त्याच्यापाठोपाठ जनावर.

रात्री महामार्गावर एक टेम्पो अडवला जातो. अडवणारे बहुधा पोलीस नसतात, गळ्यात उपरणं आणि हातात मोबाइल असलेली पोरं असतात. टेम्पोत म्हशी, नाहीतर खोंड. पोलीस येतात, पंचनामा होतो, गुन्हा नोंदवला जातो. कलमं ठरलेली: क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचं कलम ११, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ११९, मोटार वाहन कायद्याची एकदोन, आणि जनावर गोवंशातलं असेल तर प्राणी रक्षण अधिनियमाची आणखी काही. जनावरं मुद्देमाल म्हणून जप्त होतात आणि जवळच्या गोशाळेत जातात. दुसऱ्या दिवशी मालक तालुक्याच्या कोर्टात वकील गाठतो. हा वकील खुनाचा जामीन मागू शकतो, वाटणीचा दावा लिहू शकतो, चेक न वटल्याच्या शंभर केसेस त्याने चालवलेल्या असतात. पण जप्त म्हैस सुपूर्दनाम्यावर परत कशी मागायची, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

खरं तर इथे कायद्याचा एक सुंदर पेच आहे. मूळ अधिनियमाचं कलम २९ सांगतं की क्रूरतेबद्दल दोषी ठरल्यानंतर न्यायालय जनावराची मालकी काढून घेऊ शकतं. दोषी ठरल्यानंतर. २०१७ चे नियम मात्र खटला चालू असतानाच जनावर गोशाळेच्या किंवा पांजरपोळाच्या ताब्यात देतात आणि चाऱ्यापाण्याचा खर्च मालकावर आणि वाहतूकदारावर टाकतात. खटला चार वर्षं चालला तर खर्चाचा आकडा म्हशीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो, आणि माणूस निर्दोष सुटला तरी म्हैस गेलेली असते. अधिनियमाने दिलेलं नियम काढून घेऊ शकतात का? म्हशींच्या व्यापाऱ्यांच्या याचिकेवर जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने केंद्र सरकारला याच मुद्द्यावर धारेवर धरलं होतं: ही जनावरं लोकांच्या उपजीविकेचं साधन आहेत, दोष सिद्ध होण्याआधी ती काढून कशी घेता? हा युक्तिवाद ज्या वकिलाला ठाऊक असतो तो न्यायाधीशासमोर उभा राहून बोलतो. ज्याला ठाऊक नसतो तो पक्षकाराला सांगतो, सोडून द्या, नवीन घ्या.

आता सांगा, या गोष्टीत नुकसान कोणाचं झालं? माणसाचंच ना? आधी माणसांचं बघा म्हणणाऱ्यांनी हा माणूस बघितलेलाच नाही.

दुसरा आक्षेप यापेक्षा जड आहे आणि तो पुरोगामी मित्रांकडून येतो. ते म्हणतात, प्राण्यांचा कायदा म्हणजे या देशात गोरक्षण, आणि गोरक्षण म्हणजे मुसलमानाला आणि दलिताला झोडपायची काठी. ती काठी तुम्ही विद्यापीठात नेऊन तिला तेल लावणार का? हा संशय वावगा नाही. महाराष्ट्राच्या प्राणी रक्षण अधिनियमातल्या १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि त्यानंतर रस्त्यावर काय काय झालं ते सर्वांनी पाहिलं आहे. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला भाकड जनावर विकता येईना. २०२५ च्या पावसाळ्यात तर कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद ठेवली, आणि बाजाराच्या दिवशी दावणीला बांधलेले बैल संध्याकाळी परत घरी जाऊ लागले.

पण या रोगावर कायदा न शिकणं हा इलाज कसा होतो? ज्या निकालाने या कायद्याचे दोन विषारी दात काढले, तो निकाल कायदा वाचणाऱ्यांनीच मिळवलेला आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांच्या खंडपीठाने कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र कलम ५-ड रद्द केलं. परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचं मांस घरात बाळगणं हाही गुन्हा, असं ते कलम म्हणत होतं. माणसाने आपल्या घरात काय खावं यात सरकारने डोकावणं हा खासगीपणाच्या अधिकाराचा भंग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. त्याचबरोबर आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं असं म्हणणारं कलम ९-ब हेही रद्द झालं. तारीख पुन्हा पाहा. खासगीपणाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा पुट्टस्वामी निकाल यायला अजून सव्वा वर्ष होतं. नागरी स्वातंत्र्याची एवढी मोठी लढाई महाराष्ट्रात प्राण्यांच्या कायद्यावर लढली गेली, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या हाती ती लागलीच तर घटनेच्या पेपरात एखाद्या तळटीपेसारखी लागते.

शिवाय क्रूरता प्रतिबंधक अधिनियम पूर्ण वाचला तर गोरक्षकाची पंचाईत होते. त्यात प्राणी म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव. (डास मारणाऱ्यांनी घाबरू नये, क्रूरतेची व्याख्या वेगळी आहे.) गाय, म्हैस, गाढव, शेळी, कोंबडी, कलम ११ पुढे सगळ्या सारख्या. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटींहून जास्त पशुधन आहे आणि ८५ कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं. उलट्या टांगलेल्या कोंबड्यांचे घोस स्कूटरला लटकवून जाणारा माणूस आपल्या प्रत्येक शहरात पहाटे दिसतो. विनाकारण यातना होतील अशा रीतीने प्राण्याची वाहतूक करणं हा कलम ११ चाच गुन्हा. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे पिंजरे आणि मांसाच्या कोंबड्यांची ने-आण यांवर विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये २६९ वा अहवाल दिला. त्यासाठी कोणी टेम्पो अडवला? ज्याने सबंध कलम वाचलं त्याला निवडक दया दाखवता येत नाही. वर्गात हेच शिकवायचं असतं.

उसाचा बैल घ्या. साखरेचं राजकारण आपल्याकडे सर्वांना तोंडपाठ आहे, उसाच्या बैलाचा कायदा फार थोड्यांना. १९६५ च्या नियमांत ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांवर किती भार टाकायचा याच्या मर्यादा गाडीच्या प्रकारानुसार ठरवून दिल्या आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. हे वाचून बीड-पाटोद्याकडचा विद्यार्थी आधी हसेल आणि मग गप्प होईल. त्याच्या घरातला कोयता, म्हणजे आई आणि बाप, पहाटे तीनला फडात असतो. टायरगाडीवर ऊस रचला जातो तो मापाने नव्हे, टनाच्या दराने. मुकादमाची उचल फिटायची तर खेपा वाढवायच्या, खेपा वाढवता येत नसतील तर भार वाढवायचा. कारखान्याच्या काट्यासमोर रात्र रात्र रांग. खांदा सुजलेल्या बैलाकडे पाहून एखादी प्राणिप्रेमी संस्था तक्रार करते आणि आरोपी होतो गाडीवान.

वर्गात हाच खटला वेगळा उभा राहील. कलम ११(१)(अ) फक्त मारणाऱ्या किंवा लादणाऱ्या हाताला धरत नाही. प्राण्याला तसं वागवलं जाईल असं करवून घेणारा, आणि मालक असून ते होऊ देणारा, हेही त्यात येतात. मग वाहतुकीचा दर टनावर ठरवणारा, गाडी पुरवणारा आणि काट्यावर वजन डोळ्यांनी पाहणारा कारखाना ‘करवून घेणारा’ ठरतो का? ऊसतोड मजुराचे कामाचे तास कुठलाही साखर कारखाना सहज मान्य करत नाही, पण त्याच्या बैलाचे तास नियमात छापलेले आहेत. बैल नऊ तासांवर थांबला तर गाडीवानही थांबेल. कामगार कायद्याला न उघडलेलं दार प्राण्यांच्या कायद्याने ढकलता येईल का? मला वाटतं येईल. निदान दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करून बघण्याजोगा प्रश्न आहे, आणि अभिरूप न्यायालयासाठी दरवर्षी तेच ते जुने विषय घोटण्यापेक्षा पुष्कळ बरा.

‘पर्यावरण कायद्यात येतंच की ते,’ असं प्राचार्य मंडळी म्हणतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत पर्यावरण कायदा अनिवार्य विषयांत आहे हे खरं. गंमत अशी की हाच विषय एकेकाळी असाच ‘वरचा शौक’ समजला जाई. १९९१ साली एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण शाळा-कॉलेजांतून द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे चक्र हललं. पण पर्यावरण कायद्याची नजर जातीवर असते: वाघ किती उरले, माळढोक संपतोय का. गोठ्यातला बैल, प्रयोगशाळेतला उंदीर, गल्लीतला कुत्रा, पिंजऱ्यातली कोंबडी यांची जात धोक्यात नसते. त्यांची गाठ पडते ती फौजदारी कायद्याशी, मालमत्तेच्या कायद्याशी, महापालिकेच्या कायद्याशी आणि धर्मस्वातंत्र्याशी, आणि तीही एकाच वेळी.

कोल्हापूरकरांना हे २०२५ मध्ये पुरतं कळलं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण जामनगरच्या वनतारा या खासगी प्राणी केंद्रात हलवावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलैला दिला आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. हत्तीण गेली आणि जिल्हा पेटला. मोर्चे निघाले, वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाची मोबाइल सेवा सोडण्याच्या मोहिमा झाल्या, शेवटी सरकार आणि वनतारा यांनी नांदणीजवळच पुनर्वसन केंद्राचा विचार मांडला. हत्तिणीच्या प्रकृतीला न्यायालयाने मिरवणुकीपेक्षा वरचं स्थान दिलं हे मला योग्यच वाटतं. पण जिल्ह्यात या विषयावर बोलू शकणारे दहा वकील असते तर स्थानिक केंद्राचा प्रस्ताव मोर्चानंतर आला नसता, सुनावणीतच आला असता. बंदिस्त हत्तीच्या मालकीचा दाखला काय असतो, हत्तीण हलवायला सांगणाऱ्या उच्चाधिकार समितीला कोणते अधिकार, धार्मिक परंपरेचा दावा कुठवर टिकतो, हे लोकांना आपल्या भाषेत सांगायला कोणी नव्हतं. मग सगळं समाजमाध्यमांवर ठरलं.

कुत्र्यांबद्दल लिहायचं मी टाळत होतो, कारण त्या विषयावर गृहनिर्माण सोसायटीतली माणसं भावकीसारखी भांडतात. पण तो टाळता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितलं, भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं असेल तर त्यांना दत्तक घ्या. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मार्च २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यांत खाऊ घालण्याच्या जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघावर आली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवा म्हटलं, आणि अकरा दिवसांनी तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदललं: नसबंदी आणि लस करून पुन्हा सोडा, पिसाळलेले आणि हल्लेखोर सोडू नका, रस्त्यावर कुठेही खायला घालू नका. एवढ्या कोलांट्या का? माझा तर्क असा की अशा खटल्यांत दोन्ही बाजूंना बहुतेकदा कुत्र्यांवर प्रेम करणारे किंवा त्यांना भिणारे उभे असतात, कायद्याचा अभ्यास केलेला मधला माणूस नसतो. पालिकेने किती नसबंदी केली, कोणत्या प्रभागात, कोणत्या निविदेने, हा हिशेब मागायचा कसा आणि न्यायालयापुढे मांडायचा कसा, हे कौशल्य आहे. ज्याच्या पोराला कुत्रं चावलं त्या झोपडपट्टीतल्या बापालाही तेच लागतं आणि कुत्र्याला भाकर टाकणाऱ्या म्हातारीलाही. पालिका दोघांनाही फसवत असते आणि दोघं एकमेकांवर धावून जातात.

आता थोडं त्या जुन्या कायद्याच्या दातांबद्दल. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला शिक्षा काय? दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० चे पन्नास रुपये, आजही पन्नासच. मारहाण, अतिभार, उपाशी ठेवणं हे गुन्हे अदखलपात्र. म्हणजे ठाणे अंमलदार एन.सी. लिहून घेतो आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे काही करत नाही. कलम ३१ ने निवडक प्रकारच तेवढे दखलपात्र केले आहेत. त्यावर कडी म्हणजे कलम ३६: गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो होतच नाही. तक्रारदाराला ‘पुढच्या आठवड्यात या’ असं बारा वेळा सांगितलं की काम झालं. दंडाची रक्कम वाढवण्यासाठी केंद्राने २०२२ च्या नोव्हेंबरात दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. तो अजून कायदा झालेला नाही.

गंमत म्हणून शेजारी दुसरा आकडा ठेवतो. बैलगाडा शर्यतींना परवानगी देण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये याच अधिनियमात जी दुरुस्ती केली, तिच्यात अटी मोडून बैलाला यातना देणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शर्यतीच्या घाटात बैलाला चाबूक मारला तर पाच लाख, तोच चाबूक नांगराला जुंपलेल्या बैलाला मारला तर पन्नास रुपये! कायद्याच्या विद्यार्थ्याने यावर समानतेच्या अनुच्छेद १४ चा मुद्दा काढायला हरकत नाही.

भारतीय न्याय संहितेचं तर आणखी अवघड. १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली आणि जुन्या दंड संहितेचं कलम ३७७ संपूर्ण गेलं. त्यातला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांचा भाग २०१८ मध्येच गुन्ह्यातून वगळला गेला होता, ते योग्यच झालं. पण उरलेल्या भागात प्राण्यावरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा होता, तोही गेला. तो ठेवा असं संसदेच्या स्थायी समितीने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुचवलं होतं, सरकारने ऐकलं नाही. आज तसा प्रकार घडला तर पोलिसाच्या हाती बहुतांशी उरतं ते पन्नास रुपयांचं कलम. नव्या संहितेतलं कलम ३२५ जनावराला ठार किंवा निकामी करण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. तिथे गुन्हा आगळिकीचा आहे आणि आगळिकीला कोणाचं तरी नुकसान व्हावं लागतं. बेवारस कुत्र्याला विष घातलं तर नुकसान कोणाचं? जनतेचं, असा युक्तिवाद करता येतो. तो सरकारी वकिलाला सुचायला हवा.

‘हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी फार शब्द खर्चत नाही. १८३२ च्या जूनमध्ये भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी आणि हिंदू रस्त्यावर उतरले, दंगल झाली. दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. १९६० चा कायदा झाला तो राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या खासगी विधेयकाच्या रेट्यामुळे, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. अमेरिकेत विधी महाविद्यालयात या विषयाचा पहिला अभ्यासक्रम १९७७ मध्ये सीटन हॉलला शिकवला गेला. आपला कायदा तेव्हा सतरा वर्षांचा होता. कायदा त्यांच्या अभ्यासक्रमाच्या आधी केला, शिकवायचं राहिलं, एवढंच.

नोकऱ्यांचं म्हणाल तर वन विभाग, महापालिका, दूध संघ, पशुविमा, औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा, पोल्ट्री उद्योग या सगळ्यांना या कायद्याचा सल्ला लागतो. मिळत नाही म्हणून ते दंड भरतात.

मात्र एका गोष्टीत मी विरोधकांच्या बाजूचा आहे. परदेशी विद्यापीठाचा अभ्यासक्रम उचलून चिंपांझीला हेबियस कॉर्पस मिळावा का यावर सहा महिने चर्चा करायची असेल, तर तो विषय नसलेलाच बरा. तसंच हा तास एखाद्या प्राणिप्रेमी संस्थेच्या प्रचारकाकडे सोपवून प्राध्यापकांनी मोकळं होऊ नये. हैदराबादच्या नालसारमध्ये प्राणी कायद्याचं केंद्र आहे, इतर काही राष्ट्रीय विधी विद्यापीठांतही हे अभ्यासक्रम झाले आहेत. पण तिथून निघणारी मुलं बहुतेक दिल्लीला किंवा मोठ्या फर्ममध्ये जातात. टेम्पो अडवला जातो तो जालन्यात, आणि बिबट्या शिरतो तो जुन्नरच्या उसात. विषय हवा तो जिल्ह्याच्या महाविद्यालयात, मराठीत, आणि आपल्या कागदांवर: एफआयआर, पंचनामा, सुपूर्दनाम्याचा अर्ज, पीक नुकसानीच्या भरपाईचा अर्ज, पालिकेला माहिती अधिकारात विचारलेले प्रश्न.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नागराजा निकाल शिकवा. त्यात न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या आणि जगण्याच्या अधिकाराची व्याप्ती प्राण्यांपर्यंत नेली. लगेच त्याच्या शेजारी १८ मे २०२३ चा पाच न्यायाधीशांचा निकाल ठेवा, ज्याने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि प्राण्यांना मूलभूत अधिकार देण्यास नकार दिला. खेड-आंबेगावच्या मुलाला घाट, बारी हे सगळं घरचं असतं, विदर्भातल्या मुलाला शंकरपट. त्यांना वर्गात मोकळेपणाने बोलू द्या, शर्यतीची बाजू घेऊ द्या. मग जनावरांच्या बाजारात न्या, परवानाधारक कत्तलखान्यात न्या, गोशाळेत न्या आणि जप्त जनावरांची नोंदवही बघायला सांगा. कुरेशी व्यापाऱ्याला व्याख्यानाला बोलवा, पशुवैद्यालाही. परीक्षेत दयेवर निबंध नको, जप्त म्हशीच्या ताब्याचा अर्ज लिहायला सांगा.

यासाठी संसदेच्या कायद्याची गरज नाही, बार कौन्सिलच्या परवानगीचीही वाट पाहावी लागत नाही. ऐच्छिक विषय ठरवण्याची मुभा विद्यापीठांना आहे, आणि विधी साहाय्य केंद्र प्रत्येक महाविद्यालयात कागदावर तरी आहेच. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विधी अभ्यास मंडळांच्या सदस्यांना माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत हा विषय ‘इतर’ या सदराखाली शेवटी चहाबरोबर घेऊ नका. एका सत्राचा ऐच्छिक पेपर म्हणून मतदानाला टाका. विरोधात मत द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण त्याआधी १९६० चा अधिनियम एकदा वाचून या. एकेचाळीस कलमं आहेत, एका दुपारी होतात.